तळ्यात की मळ्यात

१६ जुलै २००५ ला हॅरी पॉटरचं सहावं पुस्तक आलं आणि त्या पावसाळ्यात आमच्या घरात दोन पक्ष पडले. पुस्तकाच्या शेवटाकडे मनोऱ्यावर हॅरीच्या शाळेचे मुख्याध्यापक डम्बलडोर तिथल्याच मास्तराला, स्नेपला, नावाने हाक मारून विनवतात आणि स्नेप त्यांनाच ठार मारतो. ताईचं म्हणणं सरळ होतं. “खून केला ना? मग फितूरच.” मी स्नेपचं वकीलपत्र घेतलं. सातवं पुस्तक यायला दोन वर्षं होती, त्यामुळे खटला चालवायला वेळ भरपूर होता.

माझा पहिला पुरावा मला आजही आवडतो. मारताना स्नेपच्या चेहऱ्यावर तिरस्कार आणि किळस दाटलेली असते. त्याच्या थोडंच आधी, गुहेत, हॅरी डम्बलडोरना त्यांच्याच हुकमावरून ते जहरी पेय घोट घोट पाजत असतो. ते गयावया करतात, हा पाजत राहतो, आणि त्यालाही स्वतःची तशीच किळस येत असते. मी दोन्ही पानांत बोटं घालून पुस्तक ताईपुढे धरलं. स्नेपला किळस येतेय ती म्हाताऱ्याची, की आपल्या हातून होणाऱ्या कृत्याची? ताई म्हणाली, “बादरायण संबंध!”

तिच्याकडे हुकमाचं पान होतं. पुस्तकाच्या सुरुवातीलाच स्नेप खलनायक वॉल्डेमॉर्टच्या गोटातल्या नार्सिसा मॅल्फॉयपुढे शपथ घेतो. मोडली तर मरण, अशी ती शपथ. मी म्हटलं, दुहेरी हेर शपथ नाकारेल कशी? लगेच संशय येईल. हे बोलताना माझी मलाच गंमत वाटली. स्नेप चांगला वागला तर तो चांगला, आणि वाईट वागला तर उत्तम नट! ज्या वकिलाला हरताच येत नाही, त्याच्या युक्तिवादात काहीतरी खोट असते. पण तेव्हा ते मानायची तयारी नव्हती.

या वादात आम्ही काही एकटे नव्हतो. ऑगस्ट २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये लेखिका रोलिंगचा कार्यक्रम होता. तिथे मुंबईत जन्मलेले सलमान रश्दी आपल्या मुलाला घेऊन प्रश्न विचारायला उभे राहिले. स्नेप आपल्याच बाजूचा आहे, म्हणजे डम्बलडोर खरे मेलेले नाहीत, असा त्यांचा तर्क. स्नेप चांगला की वाईट, यावरच बाकी सगळं अवलंबून आहे, असंही ते म्हणाले. तुमचं मत बरोबर आहे, असं रोलिंगने सांगितलं, पण नेमकं कोणतं मत ते मोघमच ठेवलं. डम्बलडोर मात्र नक्की मेले, हे तिने स्पष्ट केलं.

आपल्याकडे महाभारतात शल्य कर्णाचा रथ हाकतो, तेव्हा त्याने युधिष्ठिराला काय कबूल केलंय हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. त्यामुळे शल्यावरून घराघरांत भांडणं झाली नाहीत. रोलिंगने स्नेप आणि डम्बलडोर यांची नेमकी तशी आधीची भेट लपवली.

२१ जुलै २००७ ला सातवं पुस्तक आलं, निकाल लागला आणि मी जिंकलो. शापाने डम्बलडोर तसेही मरणारच होते. मारायला त्यांनीच सांगितलं होतं. पण जिंकल्यावर आपला अशील नीट पाहिला. वॉल्डेमॉर्टला हरवू शकणाऱ्या मुलाची भविष्यवाणी त्याला नेऊन सांगणारा तोच. ती लिलीच्या बाळावर, म्हणजे हॅरीवर, उलटते आहे हे कळल्यावर त्याने धन्याकडे जीव मागितला तो एकट्या लिलीचा. नवरा आणि मूल मेले तरी चाललं असतं. त्याची किळस येते, असं डम्बलडोर त्याला तोंडावर सांगतात. इमान होतं, पण ते एका बाईशी आणि पुढे तिच्या आठवणीशी. हॅरीला तो शेवटपर्यंत पाण्यात पाहत राहिला.

आपलं मन त्याच्या बाबतीत विरघळतं, त्यात सिनेमात स्नेप साकारणाऱ्या ॲलन रिकमनचाही हात आहे. रोलिंगने त्याला पात्राचं एक गुपित आधीच सांगून ठेवलं होतं, आणि पडद्यावरच्या त्या थकलेल्या डोळ्यांत ते दिसत राहतं. पहिला सिनेमा २००१ चा. रिकमन तेव्हा पंचावन्न वर्षांचा. पुस्तकातला स्नेप पहिल्या भागात ३१ वर्षांचा आहे आणि मरतो तेव्हा ३८ चा. लिली गेली तेव्हा तो जेमतेम २१ चा होता. हे आकडे कळल्यावर मला तो पुन्हा वेगळा दिसू लागला. हा पिकलेला, पोळलेला मास्तर नव्हताच. अकरा वर्षांच्या पोरांवर राग काढणारा तरणाबांड माणूस होता.

आता वाद होतो तो हॅरीच्या वर्गातल्या नेव्हिलवरून. भविष्यवाणी नेव्हिललाही लागू पडू शकत होती, कारण त्याचाही जन्म जुलैअखेरचा. वॉल्डेमॉर्टने त्याला निवडलं असतं तर लिली वाचली असती, म्हणून स्नेप त्याला छळतो, अशी उपपत्ती काही वाचक मांडतात. ऐकायला छान आहे. पण ही माझीच जुनी वकिली. एकदा माणूस आतून इमानी ठरला, की त्याच्या प्रत्येक दुष्टपणामागे काहीतरी दडलेलं सापडतंच. मरताना स्नेप हॅरीला ज्या आठवणी देतो, त्यांत नेव्हिल कुठेच नाही.

तिसऱ्या पुस्तकात एक तास आहे. नेव्हिलचं औषध चुकलंय, आणि ते त्याच्याच बेडकाला पाजून बघू, असं स्नेप वर्गादेखत जाहीर करतो. चुकलं असेल तर बेडूक मरेल. वर्गातली हर्मायनी दबक्या आवाजात सांगून नेव्हिलकडून औषध दुरुस्त करून घेते. बेडूक मरत नाही, नुसता लहान होऊन पिल्लू बनतो. स्नेपचा चेहरा पडतो. खिशातून दुसरी बाटली काढून तो बेडकाला पूर्ववत करतो आणि हर्मायनीने मदत केली म्हणून त्यांच्या गटाचे, ग्रिफिंडॉरचे, पाच गुण कापतो.