थोरल्याची चप्पल

बुऱ्हाणपुरात दोन भाऊ राहत होते. थोरला पॉवरलूम चालवायचा, धाकटा केळीचे घड ट्रकमध्ये भरायचा.

एकदा घड उचलताना धाकट्याच्या कंबरेत कळ आली आणि डाव्या पायात पोटरीपर्यंत उतरली. रात्र रात्र झोप येईना. एमआरआय काढला, तर चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी सरकलेली निघाली. बायकोच्या पाटल्या मोडायच्या ठरवून तो डॉक्टरांना म्हणाला, "उद्याच ऑपरेशन करा."

डॉक्टरांनी फोटो बाजूला ठेवला. त्याला टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं. पायाचा अंगठा हाताने दाबून वर उचलायला लावला. बसायच्या जागी स्पर्श कळतो ना, लघवी नीट होते ना, हेही विचारलं. मग म्हणाले, "दुखतंय फार, पण पायात जोर आहे. आपल्या कुंडी भंडाऱ्याच्या भुयारी पाणवाटेत चुना साचून वाट अरुंद होते, तरी पाणी वाहतं, तसं तुमच्या नसेचं आहे. सहा आठवडे थांबू. वजन उचलू नका आणि झोपूनही राहू नका. मी तपासलं त्यातलं काही बिघडलं, तर मात्र लगेच या."

धाकटा गोळ्या घेत, हळूहळू चालत राहिला. दुसऱ्या महिन्यात कळ ओसरली, पाटल्या वाचल्या. घरच्यांनी एवढंच लक्षात ठेवलं की गादी आपोआप बरी होते.

पुढच्या वर्षी थोरल्याची कंबर धरली. दोन्ही पाय ठणकू लागले. चार दिवसांनी दुखणं एकाएकी कमी झालं. "बघा, उतरलं," तो आनंदाने म्हणाला. बायकोला मात्र दिसलं की चालताना उजव्या पायातली चप्पल मागेच राहते आणि त्याला ते कळतही नाही. तिने दिराला बोलावलं.

"दादा, लघवी कधी झाली?"

"सकाळपासून नाही रे."

"बसलेलं कळतंय का खाली?"

थोरला गप्प झाला. मग म्हणाला, "आता दुखत नाही. उद्या बघू."

धाकट्याने ऐकलं नाही. त्याच रात्री गाडी करून त्याला इंदूरला नेलं. पहाटे ऑपरेशन झालं. लघवी काही आठवड्यांत सुरळीत झाली. पाऊल अजून थोडं ओढतं.

गादी दोघांचीही सरकली होती. धाकट्याला वेदना असह्य होती, पण नस काम करत होती. थोरल्याची वेदना थांबली, कारण नस बातमीच देईनाशी झाली होती.

तुमच्या घरी कुणाची कंबर धरली असेल, तर त्याला हे प्रश्न विचारा. जांघेत किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला, पाऊल लुळं पडू लागलं, लघवी-शौचाचा ताबा गेला, तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा.