बाजूला बसलेली
काचीगुड्याच्या आपल्या योगवर्गात एखादी मुलगी दाराशीच थांबायची. "बाजूला बसलीय," असं आपणच कुजबुजायचो. पोट दुखतंय का, हे कोणी विचारायचं नाही.

पुण्याच्या गीता अय्यंगार यांचं 'योगा: अ जेम फॉर विमेन' हे पुस्तक १९८३ मध्ये आलं. त्यांनी पाळीतल्या बायकांना वर्गातच ठेवलं, आसनं तेवढी बदलली. त्या दिवसांत शीर्षासन, सर्वांगासन नको. पाठीखाली लोड घेऊन सुप्त बद्धकोणासन. देहाची सोय पाहणं वेगळं आणि विटाळ मानणं वेगळं, हे आम्हाला जरा उशिराच कळलं.

आता लोड आत आहेत, मुलीही आत. दुखणं अंथरूण धरायला लावत असेल, अंगावरून फार जात असेल, तर आधी डॉक्टर. "सहन कर, होतंच" हे आपल्या घरात नको.

राहिलं देवघर. तिथे कधी जायचं, हे अजून आपण तिला विचारलेलं नाही.