घराचे मोल कशावरून?

भाड्याने देण्यासाठी पहिलाच फ्लॅट बघायला निघालेल्या माणसाला सहसा दोन आकडे सांगितले जातात: आजचा भाव आणि पाच वर्षांनंतरचा भाव. भाडे किती येईल हे त्यानंतर, जाता जाता निघते. हा क्रम उलटा आहे, आणि चूक नुसती हिशेबाची नाही. जी वास्तू दुसऱ्या कुणी राहावे म्हणून घ्यायची, तिचे मोल त्या राहण्यावरून ठरवायचे की पुढचे गिऱ्हाईक काय देईल यावरून, हा मला अर्थ आणि धर्म या दोन पुरुषार्थांच्या नात्याचा प्रश्न वाटतो. त्याचे उत्तर मात्र वहीत आकडे मांडल्याशिवाय मिळत नाही.

पुण्यातला ८० लाखांचा फ्लॅट महिना २० हजारांनी जातो असे धरू. वर्षाचे २ लाख ४० हजार, म्हणजे किमतीच्या ३ टक्के. पण भाडेकरू बदलताना एखादा महिना घर रिकामे राहते. सोसायटीचा मेंटेनन्स, मालमत्ता कर, एजंटाची दलाली, रंगकाम, गळके नळ हे सगळे मालकाकडे. शिवाय तो स्वतः राहत नसेल तर सोसायटी सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावते. ८०-८५ हजार असे गेले की हातात जेमतेम २ टक्के उरतात, आणि मुद्रांक शुल्क अजून यात धरलेलेच नाही. गृहकर्जाचे व्याज याच्या कितीतरी पट असते. म्हणजे घेणारा भाड्यासाठी घर घेतच नाही. तो भाववाढीची आशा विकत घेतो. आणि आशाच विकत घेतली की भाडेकरू ही कटकट वाटू लागते: भिंतीला खिळे ठोकणारी, विक्रीच्या वेळी आडवी येणारी. २०१७-१८च्या आर्थिक पाहणी अहवालात मुंबईतल्या रिकाम्या घरांचा आकडा सुमारे ४ लाख ८० हजार होता. ज्या शहरात माणसे दहा बाय दहाच्या खोलीत संसार करतात, तिथे ही घरे कुलूपबंद. आपणही वापरायचे नाही आणि दुसऱ्यालाही वापरू द्यायचे नाही, याहून उघडा परिग्रह कोणता असेल? साठवलेले धान्य निदान कुजते तरी. कुलूपबंद घराचा भाव वाढतच जातो, म्हणून त्यातला दोष डोळ्यांना दिसत नाही.

यावर कुणी म्हणेल, धर्माची भाषा इथे कशाला, हा तर व्यवहार आहे. पण अर्थालाच प्रधान मानणाऱ्या कौटिल्यानेही घरभाड्याचा विचार दोन्ही बाजूंनी केला. ‘अर्थशास्त्रा’च्या तिसऱ्या अधिकरणात, जा म्हटल्यावरही न हलणारा भाडेकरू आणि भाडे भरलेल्याला बाहेर काढणारा मालक, दोघेही दंडाला सारखेच पात्र आहेत. चोरी, शिवीगाळ, दांडगाई असे काही घडले असेल तरच मालकाला सूट. उलट, आपण होऊन मध्येच निघालेल्या भाडेकरूने वर्षाचे उरलेले भाडे द्यावे, असेही तिथे सांगितले आहे. घर मालकाचे असले तरी वास्तव्य ही स्वतंत्र गोष्ट आहे आणि तिलाही हक्क आहेत, हे व्यवहाराच्या त्या कठोर शास्त्रालाही मान्य होते.

दुसरा आक्षेप खोलवरचा आहे: भाडे हीच मुळात न कष्टता मिळालेली कमाई, मग ती ३ टक्के असो की १०. तुकोबांनी सावकारीची कागदपत्रे इंद्रायणीत बुडवली, ही परंपरेने सांगितलेली गोष्ट इथे आठवते. पण त्याच परंपरेत असेही आहे की आधी वाटणी झाली, भाऊ कान्होबाचा अर्धा हिस्सा त्याला दिला गेला आणि बुडाले ते तुकोबांच्या हिश्शाचे कागद. त्याग आपल्या वाट्याचाच करता येतो. त्यातून इतरांचा रास्त व्यवहार पाप ठरत नाही. घर राहते ठेवणे, दुरुस्ती करणे, पैसा अडकवून जोखीम घेणे, याचा मोबदला मला रास्त वाटतो. मेट्रो आली म्हणून वाढलेला भाव मात्र मालकाने कमावलेला नसतो, आणि सगळा हिशेब त्याच्याच भरवशावर उभा करणे याला माझा विरोध आहे.

तिसरा आक्षेप भीतीचा: भाडेकरू एकदा शिरला की घर सोडणारच नाही. मुंबईत १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने १९४० सालची भाडी गोठवली आणि ती अर्धशतक तशीच राहिली. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयानेच ही तरतूद काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे म्हटले. तो अन्याय खरा होता. पण १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि मुदत संपल्यावर घर परत मिळवण्याची वेगळी, सुटसुटीत वाट आहे. अडून बसणाऱ्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. जुन्या चाळींची भीती आजच्या रिकाम्या फ्लॅटला लागू पडत नाही.

म्हणून नवख्याने भाड्यापासून सुरुवात करावी. मे महिन्यात टँकर येतो का, बसथांबा किती लांब, लिफ्ट बंद पडली तर चौथ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईचे काय, हे भाडेकरूचे प्रश्न त्याने आधी स्वतःला विचारावेत, कारण भाडे त्यांच्यावरच ठरते. जात, धर्म किंवा ताटातले जेवण पाहून नाकारलेला प्रत्येक माणूसही याच वहीत रिकामा महिना म्हणून उमटतो. आणि एवढे करूनही ८० लाखांचा आकडा भाड्याशी जुळत नसेल, तर शेजाऱ्याच्या फ्लॅटचा भाव दुप्पट झालेला दिसत असतानाही त्याला नको म्हणता आले पाहिजे.