कुशीचे दान

चेन्नईस बदली होऊन आलेल्या आम्हां मराठी मंडळींचा एक परिपाठ आहे. शनिवारी सायंकाळी कोणा एकाच्या घरी जमावे, कॉफीबरोबर गावाकडील वार्ता घोळवाव्यात, आणि पाऊस असल्यास तो उघडेपर्यंत उठू नये. गेल्या कार्तिकातील अशाच एका संध्याकाळी आमच्या यजमान स्नेह्यांनी, एरवी अत्यंत मितभाषी अशा गृहस्थांनी, एक प्रश्न पुढे ठेवला आणि बैठकीचा नूरच पालटला. त्यांच्या विवाहित कन्येला जन्मतःच गर्भाशय नाही. आपले गर्भाशय लेकीस द्यावयास तिची आई सिद्ध आहे. "हे होऊ द्यावे काय?" एवढेच त्यांनी विचारले.

हा प्रश्न आता कल्पनेतील राहिलेला नाही. स्वीडनमध्ये डॉ. मॅट्स ब्रॅनस्ट्रॉम यांनी केलेल्या प्रत्यारोपणानंतर २०१४ साली जगातील पहिले असे मूल जन्मास आले. पुण्याच्या गॅलेक्सी केअर रुग्णालयात डॉ. शैलेश पुणतांबेकर यांनी मे २०१७ मध्ये भारतातील पहिले गर्भाशय-प्रत्यारोपण केले, आणि तेथेच ऑक्टोबर २०१८ मध्ये आजीने दिलेल्या गर्भाशयातून एका नातीने जन्म घेतला. ज्या कुशीत आई वाढली, तीतच लेकही वाढली. देवकीचा गर्भ रोहिणीच्या उदरी नेला म्हणून बलरामास संकर्षण म्हणतात. पुराणात गर्भ हलविला. येथे कूसच हलविली.

आमच्यापैकी एकाने तत्काळ आक्षेप घेतला. मूत्रपिंडावाचून मनुष्य मरतो, गर्भाशयावाचून कोणी मरत नाही. मग दोन धडधाकट स्त्रियांना शस्त्राखाली का घालावे? आक्षेप पोकळ नव्हे. मुलीला परक्या अवयवाचा स्वीकार व्हावा म्हणून प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घ्यावी लागतात. गर्भ प्रयोगशाळेत तयार करून आत ठेवावा लागतो. प्रसूती पोट उघडूनच होते. आणि एकदोन मुले झाली की औषधे थांबविता यावीत म्हणून ते गर्भाशय पुन्हा काढून टाकतात. दत्तकाचा मार्ग याहून सोपा, हे खरे. परंतु तो सुचविणारे आम्ही सारे लेकुरवाळे होतो, हेही तितकेच खरे. येथील देवळांच्या आवारात झाडांना टांगलेले चिमुकले लाकडी पाळणे आम्ही रोज पाहतो. त्या ओढीस मोह म्हणून झिडकारण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला?

आमच्या मते खरी अडचण आईची आहे. बैठकीत कोणी सहज बोलून गेले, "वहिनींना आता त्याचा उपयोग तरी काय?" हे वाक्य आम्हांस बोचले. पिशवीचे काम संपले, आता ती काढलेली बरी, याच तर्काने बीड जिल्ह्यातील हजारो ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये काढली गेल्याचे २०१९ साली उघडकीस आले. तेथे हेतू निराळा होता; भाषा मात्र हीच होती. स्वीडनमधील पहिल्या शस्त्रक्रियांत दात्या स्त्रीला दहा तासांहून अधिक काळ टेबलावर राहावे लागले. पुण्यात दुर्बिणीच्या साह्याने हा त्रास कमी केला. तथापि ती मोठीच शस्त्रक्रिया होय.

१९९४ च्या अवयव-प्रत्यारोपण कायद्याने अवयवांची विक्री निषिद्ध केली आणि निकटच्या नातलगांना दानाची मुभा दिली. प्रेम असेल तेथे लोभ नसेल, हा त्यामागील विश्वास रास्त आहे. परंतु प्रेम हीदेखील एक सक्ती असते, हे कायद्याच्या कलमांत कसे बसवावे? ज्याला 'नाही' म्हणता येते, त्याच्याच 'हो'ला दान म्हणावे. आणि मुलीला 'नाही' म्हणणारी आई आपल्या समाजाने अद्याप क्षम्य मानलेली नाही. म्हणूनच ब्राझीलमध्ये डिसेंबर २०१७ मध्ये मृत दात्रीच्या गर्भाशयातून जन्मलेले मूल आम्हांस अधिक आशादायक वाटते. २००८ पासून मरणोत्तर अवयवदानाची शासकीय व्यवस्था उभारणाऱ्या तमिळनाडूला हा मार्ग अनोळखी वाटू नये.

येथवर चर्चा आली तेव्हा पाऊस उघडला होता. आम्ही उठलो, आणि ध्यानात आले की, ज्यांच्या देहाविषयी आम्ही दोन घटका वाद घातला, त्या वहिनी पलीकडच्या खोलीतच होत्या. त्यांना कोणीही काही विचारले नव्हते.

स्नेह्यांस आमचे उत्तर एवढेच आहे. आईला एकटीला विचारावे, लेकीलाही एकटीला विचारावे. मूल झाले नाही तरी या घरात कोणाचे काही उणे होणार नाही, हे आधी सर्वांनी मिळून दोघींना सांगावे, आणि ते जावयाच्या तोंडूनही यावे. त्यानंतर त्या दोघी जे ठरवतील, ते योग्यच असेल.