जामीन राहावे की राहू नये?

आमच्या खेड्यांतील माणसास न्यायकचेरीची पायरी चढण्याचा प्रसंग क्वचितच येतो. परंतु दुसऱ्याच्या कर्जाच्या कागदावर सही किंवा अंगठा करण्याचा प्रसंग पुष्कळांस येतो. कोपरगाव तालुक्यात गोदावरीच्या कालव्यांच्या पाण्यावर ऊस उभा राहिला, साखर कारखाने निघाले, सोसायट्या व पतसंस्था आल्या. आणि त्यांच्याबरोबर “जामीनदार आणा” हे वाक्यही घरोघरी पोहोचले. मग मेहुणा किंवा शेजारी दारी येतो व म्हणतो, “दादा, नुसती सही पाहिजे. उसाचे बिल निघाले की मी फेडतो.” शाळेतील पगारदार गुरुजींकडे तर अशी मागणी वारंवार होते. अशा वेळी सही करणे हे प्रीतीचे कृत्य होय काय, आणि नाकारणे हा कठोरपणा होय काय, याचा विचार आम्ही येथे करू इच्छितो.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या 128 व्या कलमाप्रमाणे, करारात निराळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोच्या जबाबदारीइतकीच असते. आधी त्याची जमीन विकली जाईल व उरलेच तर आपणांस विचारतील, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती खोटी आहे. 1968 साली बँक ऑफ बिहारच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की, धनकोने ऋणकोकडील सर्व उपाय संपेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. म्हणून ‘नुसती सही’ असे काही जगात नाही. जी सही होते, ती आपल्या घराच्या भाकरीवर होते.

कायद्याने जामीनदारास काही आधारही दिला आहे. त्याने कर्ज भरले तर ऋणकोकडून ते वसूल करण्याचा हक्क त्यास मिळतो. जामीनदार दोन असल्यास, निराळा ठराव नसेल तर, भार दोघांनी सारखा वाहावा. त्याच्या संमतीवाचून कर्जाच्या अटी बदलल्या तर त्यापुढील व्यवहारांतून तो मोकळा होतो. परंतु ज्याने कागद वाचला नाही व त्याची नक्कल जवळ ठेविली नाही, त्यास हे हक्क बजावणे कठीण जाते.

आता नीतीचा प्रश्न. आमच्यापैकी बहुतेक लोक प्रीतीने सही करीत नाहीत, भिडेने करितात. भीड ही भिकेची बहीण, असे आमचे वाडवडील म्हणत आले. जामीन राहणारा धनकोस वचन देतो की, हा मनुष्य न देईल तर मी देईन. देण्याची ऐपत नाही व मनात तयारीही नाही, हे ठाऊक असता जो असे वचन देतो, तो दयेच्या नावाने असत्य बोलतो. शिवाय तो जे गहाण टाकितो ते त्याच्या एकट्याचे नसते; त्यात पत्नीचे कष्ट व मुलांचे शिक्षण असते. त्यांस न विचारता केलेले औदार्य दुसऱ्याच्या ताटातून वाढल्यासारखे होय.

तर मग कोणीच जामीन राहू नये काय? तसे झाले तर गरिबाची पत बुडेल व तो पुन्हा सावकाराच्या ओट्यावर बसेल. त्या ओट्याचा इतिहास या जिल्ह्यास ठाऊक आहे. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा उसळला व तो नगर जिल्ह्यातही पसरला. शेतकऱ्यांनी मुख्यतः सावकारांची खते हिसकावून जाळली. वाचता न येणाऱ्या कागदांवर त्यांनी नांगराची निशाणी केली होती. त्यानंतर 1879 चा दक्षिणेतील शेतकऱ्यांविषयीचा कायदा झाला, आणि 1904 साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा आला. त्या कायद्यातील खेड्यांच्या पेढ्या सामान्यतः अमर्याद जबाबदारीच्या होत्या. म्हणजे गावकरी एकमेकांस जामीनच होते. ही गोष्ट चालावी म्हणून प्रत्येकास शेजाऱ्याची शेती, सवयी व गरज ठाऊक असावी लागे, आणि घेतलेला पैसा कशात गेला यावर लक्ष ठेवावे लागे. परस्परांची ओळख व जागरूकता हाच त्या जामीनकीचा पाया होता.

पवित्र शास्त्रातही दोन्ही बाजू आढळतात. नीतिसूत्रांत जामीन होणाऱ्यास वारंवार इशारा दिला आहे. तरी यहूदा आपल्या धाकट्या भावासाठी बापापुढे जामीन राहिला, आणि वेळ आली तेव्हा भावाच्या जागी स्वतः दास होण्यास पुढे झाला. तो शब्द देताना किंमत जाणत होता व ती देण्यास मागे हटला नाही.

यावरून आम्हांस असे वाटते की, जेवढी रक्कम आपण उद्या स्वतः भरू शकू तेवढ्यापुरतेच जामीन राहावे. कागद वाचून किंवा वाचवून घेऊन, घरच्यांच्या संमतीने राहावे. आणि पुढे हप्ते जातात की नाही हे विचारण्याचा संकोच धरू नये. एवढे शक्य नसेल तर गोड शब्दांत नाही म्हणावे, व जमल्यास दहा-पाच हजार रुपये हाती द्यावे. ती मदत लहान असली तरी खरी असते. ज्याच्यासाठी कोणी जामीन राहिला आहे, त्यानेही स्मरण ठेवावे की उसाचे बिल हाती येताच प्रथम हक्क त्या हप्त्याचा आहे. लग्नाचा मांडव व नवी मोटारसायकल त्यानंतर. ज्या बंधूने विश्वासाने सही केली, त्याच्या दारी वसुलीची नोटीस जाऊ न देणे हेच त्याचे खरे आभार होत.