वाद आणि वितंडा

वाणी मनुष्यांना जोडते आणि तोडतेही. निवडणुकीचे दिवस आले की पुष्कळ घरांत याचा प्रत्यय येतो. दोघे सख्खे भाऊ एका पंक्तीस जेवावयास बसतात. एकाने शासनाच्या एखाद्या कामाची स्तुती केली की दुसरा त्याला लाचार म्हणतो. दुसऱ्याने दोष दाखविला की पहिला त्याला देशद्रोही ठरवितो. अन्न पानात राहते, अबोला घरात राहतो, आणि ज्या कामावरून बोलणे निघाले ते चांगले की वाईट, हा विचार कोणीच केलेला नसतो.

न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. प्रमाण आणि तर्क यांच्या आधारे तत्त्व जाणण्यासाठी होतो तो वाद. केवळ जिंकण्यासाठी, प्रसंगी शब्दच्छल करूनही चालतो तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडता दुसऱ्याचे खंडनच जीत असते ती वितंडा. आपल्या विभूती सांगताना भगवंतांनी (अ. १०, श्लोक ३२) वादालाच आपले रूप म्हटले आहे; जल्पाला किंवा वितंडेला नव्हे. अर्थाचा निर्णय वादाने होतो, म्हणून तो श्रेष्ठ, असा श्रीशंकराचार्यांच्या भाष्याचा आशय आहे.

अठराव्या अध्यायात तामस ज्ञानाचे लक्षण आले आहे: एका अंशालाच सर्वस्व मानून, कारणाचा विचार न करता, त्याला चिकटून राहणे. 'आमच्या पक्षाचे ते सर्व चांगले, त्यांचे ते सर्व वाईट' ही वृत्ती याहून वेगळी नाही.

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहारात भयंकर भूकंप झाला. महात्मा गांधींनी तो अस्पृश्यतेच्या पापाचा दंड मानला. रवींद्रनाथ ठाकूर हेही अस्पृश्यतेचे विरोधकच होते; तथापि सृष्टीतील उत्पाताला असे नैतिक कारण जोडणे त्यांना पटले नाही, व त्यांनी तसे स्पष्ट लिहिले. गांधीजींनी तो निषेध आपल्याच 'हरिजन' पत्रात छापला आणि त्याला उत्तर दिले. ध्येय मान्य असूनही युक्तिवाद अमान्य असू शकतो, हा विवेक रवींद्रनाथांनी दाखविला. आणि विरोधी मताला स्वतःच्या पत्रात जागा देण्याचे औदार्य गांधीजींनी दाखविले. मतभेद राहिला, परंतु परस्परांविषयीचा आदर ढळला नाही.

यावर कोणी म्हणेल, मग सत्य आणि असत्य यांच्यामध्ये तटस्थ राहावे काय? मुळीच नाही. भगवंतांनी अर्जुनाला निश्चित उपदेशच केला. परंतु शेवटी, या सर्वाचा पूर्ण विचार करून तुला योग्य वाटेल तसे कर, असे सांगून निर्णय त्याच्यावर सोपविला. प्रत्यक्ष परमेश्वर जेथे श्रोत्याच्या बुद्धीचा मान राखतो, तेथे भावाने भावाच्या बुद्धीचा राखू नये काय?

शास्त्रकार सिद्धान्तापूर्वी पूर्वपक्ष मांडतात. गृहस्थानेही हाच नियम पाळावा: विरोधकाचे म्हणणे प्रथम असे मांडावे की, 'होय, मला हेच म्हणावयाचे आहे,' असे त्याने मान्य करावे. खंडन करावयाचे ते त्यानंतर. जो हे करू शकत नाही, त्याला दुसऱ्याचे म्हणणे अजून कळलेच नाही, असे समजावे.