पडद्यावरचे अश्रू आणि घरातले अश्रू

काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी, अंथरुणाला खिळलेल्या एका वृद्ध मातेला ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी मी तिच्या घरी गेलो होतो. बाहेरच्या खोलीत टीव्ही सुरू होता आणि घरातली मंडळी मालिकेतील एका सुनेच्या दुःखाने डोळे पुसत होती. "फादर, जरा बसा, एवढा भाग संपू दे," असे म्हणून त्यांनी मला खुर्ची दिली. खरे सांगायचे तर, छातीशी पवित्र ख्रिस्तशरीर असतानाही मी पाहत राहिलो. आतली माता वाट पाहत होती. तेव्हापासून एक प्रश्न मनात घर करून आहे : पडद्यावरच्या दुःखासाठी आपण जे अश्रू ढाळतो, ते करुणेचे असतात काय?

प्रथम हे अश्रू कसे आणले जातात ते पाहू. 1930 च्या दशकात अमेरिकेतील नभोवाणीवर साबण-उत्पादकांच्या पैशावर कौटुंबिक श्रुतिका चालत. त्यावरूनच 'सोप ऑपेरा' हे नाव पडले. श्रोता उद्या पुन्हा यावा, हा त्यांचा मूळ हेतू होता. दूरचित्रवाणीने त्यासाठी कॅमेऱ्याला कामाला लावले. घरातला पडदा लहान. त्यावर रणांगणापेक्षा माणसाचा चेहरा अधिक खुलतो. म्हणून मालिकेत क्लोजअपचे राज्य असते. 2000 साली सुरू झालेल्या 'क्योंकि सास भी कभी बहू थी' या मालिकेपासून तर एक ठरीव रीतच रूढ झाली. एखादे गुपित फुटते. कॅमेरा झपकन एकेका चेहऱ्यावर जातो. तोच चेहरा दोनतीनदा दिसतो. पार्श्वसंगीताचे ठोके पडतात. क्षणभराची घटना लांबत जाते आणि अखेरीस एक चेहरा गोठवून भाग संपतो.

यात प्रेक्षकाचाही वाटा असतो. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव यांनी सुमारे शंभर वर्षांपूर्वी एका नटाचा एकच निर्विकार चेहरा कधी सूपच्या वाडग्यापुढे, तर कधी शवपेटीपुढे जोडून दाखवला. चेहरा तोच, पण पाहणाऱ्यांना त्यात कधी भूक, तर कधी शोक दिसला, असे सांगतात. म्हणजे पडद्यावरचे दुःख बऱ्याच अंशी आपल्याच अंतःकरणातून आलेले असते. ही गोष्ट आपल्या हृदयाच्या बाजूने साक्ष देते; हृदय दगडाचे असते तर तंत्र निष्फळ ठरले असते.

मग दोष कोठे? संत ऑगस्टीन यांनी आपल्या 'कन्फेशन्स' या ग्रंथात तारुण्यातील नाटकवेडाची कबुली दिली आहे. रंगभूमीवरील दुःख पाहून रडणे त्यांना आवडे. मागे वळून पाहताना त्यांच्या ध्यानी आले, की तेथे प्रेक्षकाला दुःख करण्याचे आमंत्रण असते, दुःख निवारण्याचे नसते. ही करुणा काहीच मागत नाही, म्हणूनच ती गोड लागते.

याचा अर्थ कथा वाईट असा नव्हे. प्रभू येशू स्वतः कथा सांगत असे. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात बाप थोरल्या मुलाची मनधरणी करतो आणि कथा तेथेच थांबते. तो मुलगा आत गेला की नाही, हे संत लूक सांगत नाही. मालिकेचा भागही असाच अर्ध्यावर सुटतो. पण तिचा पुढचा भाग उद्या पडद्यावर घडतो, तर दाखल्याचा पुढचा भाग ऐकणाऱ्याच्या घरी घडायचा असतो. 1984 मध्ये दूरदर्शनवर आलेल्या 'हम लोग' या मालिकेत प्रत्येक भागाच्या अखेरीस अशोक कुमार थेट प्रेक्षकांशी बोलत असत. त्या युक्तीने प्रेक्षक काही क्षण का होईना, स्वतःच्या आयुष्याकडे वळत असे. म्हणजे तंत्र तेच असले, तरी ते आपल्याला कोठे नेऊन सोडते यावर त्याचे मोल ठरते.

दयाळू शोमरोन्याने जखमी माणसाला पाहिले, त्याचे मन द्रवले आणि तो जवळ गेला. यांतल्या पहिल्या दोन गोष्टी मालिका आपल्याकडून करवून घेते. तिसरी मात्र कोणताही कॅमेरा आपल्यासाठी करू शकत नाही. क्लोजअप चेहरा जवळ आणतो, आपण होतो तेथेच बसून राहतो. आणि आतल्या खोलीतल्या दुःखाला पार्श्वसंगीत नसते. ते संथ असते, रोज तेच असते, त्याला औषधाचा वास असतो.

म्हणून मालिका पाहणे पाप आहे काय, असे मला विचारणाऱ्या मायबहिणींना मी नाही म्हणतो. मात्र एक विनंती करतो. मालिका पाहून डोळे भरून आले, तर टीव्ही बंद करून उठावे आणि घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या थकल्या जिवाजवळ दहा मिनिटे बसावे. ते अश्रू मग वाया जाणार नाहीत.

त्या संध्याकाळी मी आत गेलो तेव्हा माता हसली आणि म्हणाली, "आलात फादर? आवाज ऐकला होता तुमचा." तिने एवढेच म्हटले. मला मात्र तिच्यासमोर माझाच पापनिवेदनाचा प्रसंग आल्यासारखे वाटले.